वाचकांचे प्रश्न : स्टिअरिंग फिरवलं की इंजिन बंद पडतंय

प्रश्न : दादा, माझ्याकडे 2008 ची पेट्रोल सेडान आहे, ऑइलवालं पॉवर स्टिअरिंग. बाजारात गाडी लावताना जागेवर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की आरपीएम (इंजिनचे फेरे) पडतो, अन् एसी चालू असला तर इंजिन सरळ बंदच. चेक इंजिनचा लाइट पण लागून राहिलाय, स्कॅनरवर पी 0551 कोड आला. स्टिअरिंग जड नाही, पंपाचा आवाज नाही. गॅरेजवाला म्हणतो पंप बदला. पुढच्या महिन्यात कन्नड घाटातून संभाजीनगरला जायचंय. टाकू का पंप? – एक वाचक, पारोळा

उत्तर : भाऊ, पंपाला अजून हात लावू नका. पंप गेला असता तर स्टिअरिंग जड झालं असतं, फिरवताना घुंई आवाज आला असता, तुमच्याकडे दोन्ही नाही. कोड स्टिअरिंग ऑइलच्या प्रेशर सेन्सरच्या सर्किटचा आहे, म्हणजे सेन्सर जे सांगतोय ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पटत नाहीये.

या सेन्सरचं काम लहान पण महत्त्वाचं. विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला बल्ब मंद होतो ना, तसा जागेवर स्टिअरिंग फिरवलं की पंपाचा लोड इंजिनवर येतो. सेन्सर ते ईसीयूला कळवतो अन् ईसीयू आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, थोडा वाढवतो. निरोपच गेला नाही तर आयडल वाढत नाही, त्यात आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात एसीचा लोड, मग इंजिन बंद पडणारच.

सुरुवात फुकटच्या तपासणीपासून करा. स्टिअरिंग ऑइलची लेव्हल बघा, फेस किंवा जळका वास आहे का बघा, बेल्ट ढिला आहे का बघा. मग सेन्सरचा कनेक्टर काढा, तो बहुतेक पंपावर नाहीतर प्रेशर पाइपवर असतो. कनेक्टरच्या आत ऑइल दिसलं तर सेन्सर आतून लीक झालाय, तो बदलायचाच, नुसता पुसून भागत नाही. ऑइल नसेल तर पिनांवर हिरवट गंज आहे का ते बघा अन् वायर शेवटपर्यंत हाताने चाचपा, कारण घरात कापूस भरलेला असला अन् गाडी शेजारीच उभी असली की उंदीर वायर कुरतडतातच.

वायर ठीक असेल तर मल्टीमीटर घ्या. तीन वायरचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढून चावी ऑन केल्यावर एका वायरवर साधारण 5 व्होल्ट यायला पाहिजे, एक अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. कनेक्टर परत लावून सिग्नल मोजा, इंजिन बंद असताना व्होल्टेज कमी, अन् इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवलं की वर चढायला पाहिजे. 5 व्होल्ट अन् अर्थिंग बरोबर येतंय पण सिग्नल हलतच नाही, तर सेन्सर गेला. काही गाड्यांत सेन्सरऐवजी साधा स्विच असतो, तो फक्त ऑन-ऑफ दाखवतो. टेस्ट करताना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून 5 सेकंदापेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो.

एक गोष्ट मात्र खरी, 0551 कधी कधी प्रेशर खरोखरच कमी असल्यामुळेही येतो. सेन्सर-वायर दोन्ही चांगले निघाले तर गॅरेजवाल्याला प्रेशर गेज लावून मोजायला सांगा, पंपाचा विषय त्यानंतरच. अन् स्टिअरिंग न फिरवता नुसत्या एसीवरही इंजिन बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घ्या, तिथे काजळी साचली की आयडल सांभाळला जात नाही.

सेन्सर बदलताना इंजिन थंड पाहिजे. नवीन ओ-रिंग (रबरी गोल सील) नाहीतर वॉशर टाका, टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे तुकडे तुटून आत व्हॉल्व्हमध्ये अडकतात. जास्त आवळू नका, आटे जातात. ऑइल हँडबुकमध्ये लिहिलंय तेच भरा, अन् गरम सायलेन्सर पाइपवर सांडलेलं पुसल्याशिवाय गाडी चालू करू नका, पेट घेऊ शकतं. मग पुढची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवा, लेव्हल उतरेल तसं ऑइल भरत राहा, बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा. शेवटी कोड क्लिअर करा.

हे होईपर्यंत घाटात जाऊ नका. वळणावर इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग एकदम जड होतं, अन् दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा लागतो. मागे गाड्यांची रांग असते तिथे.

प्रश्न : माझ्या नवीन छोट्या गाडीत स्टिअरिंग ऑइलची बाटलीच सापडत नाही, कुठे असते? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : नसतेच ताई, तुमचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक मोटरवर चालतं. पंप नाही, ऑइल नाही, प्रेशर सेन्सरही नाही, त्याजागी टॉर्क सेन्सर असतो, तो तुम्ही स्टिअरिंगला किती जोर लावता ते मोजतो. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा लाइट लागला तर आधी बॅटरीचं व्होल्टेज अन् टर्मिनल तपासा, बॅटरी कमजोर झाली तरी तो लागतो.