टॉर्शन बार आवळून पुढची बाजू उचललीत? आधी अलाइनमेंटचे आकडे मागा

तुम्ही लिहिलंय की जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ब्लॉक घातले, मग टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी सळई) आवळून पुढची बाजूही अडीच इंच वर घेतली. आता खड्ड्यात चाक गेलं की 'ठक्' आवाज येतो, स्टिअरिंग भटकतं आणि नवे टायर आतल्या कडेने झिजतायत. हे तिन्ही त्रास मी भोगलेत, म्हणून सविस्तर लिहितो. जॅक, स्टँड, चाक काढणं हे येतं असं धरून चालतो.

आधी आवाज. बार आवळला की स्प्रिंग कडक होते, असं मुरलेले मिस्त्रीसुद्धा सांगतात. तसं होत नाही. पुढचं वजन तेवढंच आहे, त्यामुळे बारला पडणारा पीळही जवळपास तेवढाच राहतो. अँकरचा (बारचं टोक धरून ठेवणाऱ्या भागाचा) बोल्ट आवळल्याने फक्त बारची बैठक फिरते आणि गाडी वर येते. पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही. अप्पर आर्म (चाक धरून ठेवणारा वरचा हात) त्याच्या खालच्या रबरी स्टॉपरला जवळजवळ टेकलेला असतो, खड्ड्यात चाक खाली गेलं की तो त्यावर आपटतो. शॉक कितीही महागडे घाला, हे जाणार नाही. काही जण स्टॉपरच काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका, मग तो मार शॉक आणि बॉल जॉइंटवर (आर्मला चाकाशी जोडणाऱ्या गोल सांध्यावर) बसतो.

आता मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. उंची वाढवल्यावर मी गाडी लगेच अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) नेली होती. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव), कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे झुकाव), टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत की बाहेर) तिन्ही बघा असं स्पष्ट सांगितलं, पैसेही पूर्ण कामाचे भरले. त्यांनी फक्त टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी सळई) फिरवून टो लावला आणि चावी हातात दिली. प्रिंट मागितला तर मशीनचा कागद संपलाय. स्टिअरिंग तिरकं का, विचारलं तर "उचललेल्या गाड्या अशाच चालतात." परत गेलो तेव्हा पुन्हा टोच. अप्पर आर्ममागच्या शिम्सना (कोन बदलायला घालायच्या पातळ पट्ट्यांना) कोणी हातही लावला नव्हता, नटांवरची जुनी माती जशीच्या तशी होती. समोरची टायरची जोडी आतून तारा दिसेपर्यंत गेली. इतक्या वर्षांनीही राग येतो, कारण दुसऱ्या ठिकाणी एका साध्या माणसाने शिम्स बदलून तेच काम एका बैठकीत करून दिलं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी कॅस्टर आणि कॅम्बर, शेवटी टो. पहिले दोन हलवले की टो आपोआप बदलतो, उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जायच्या आधी टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर दोष बहुधा टोचा. आतली कडच गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बरचा संशय घ्या. टो बाहेरच्या बाजूला गेला की स्टिअरिंगही भटकतं. शिवाय तुमचे मागचे ब्लॉक अडीच इंचांपेक्षा जाड असतील तर कॅस्टर घटला असणार, मग वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही.

शिम्स लावूनही कॅम्बर जागेवर येत नसेल, तर ती उंची त्या गाडीला झेपत नाही असं समजा आणि बार सैल करा. माझं मत विचाराल तर बार आवळून इंच-दीड इंचाच्या वर जाऊच नये. जास्त हवं असेल तर लिफ्ट स्पिंडल घ्या. त्यात नकलवरचा (आर्मला जोडलेल्या, चाक धरणाऱ्या भागावरचा) चाकाचा दांडा खाली सरकवलेला असतो, त्यामुळे बार कंपनीच्या मूळ उंचीवर ठेवता येतो, आर्म आणि टाय रॉडचे कोन बिघडत नाहीत आणि चाकाला खाली जायची जागा परत मिळते. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद देणारा ॲक्सल नसल्याने तुम्हाला हा मार्ग मोकळा आहे. मात्र रिम आतून घासत नाही ना, हे घेण्याआधी तपासा. बॉल जॉइंट स्पेसर (आर्म आणि बॉल जॉइंटच्या मध्ये घालायचा तुकडा) हा मधला उपाय, त्याने अप्पर आर्म स्टॉपरपासून दूर जातो. मला तो फारसा पटत नाही, पण काहींचं भागतं.

हे सगळं टॉर्शन बारवाल्या गाडीबद्दल. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय हात घालू नका, सुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. फोर्डच्या १९६५पासूनच्या ट्विन आय-बीम (पुढे दोन आडव्या तुळया असलेल्या) पिकअपचं गणित वेगळं: उचलली की चाकं वरून बाहेर झुकतात आणि टायर बाहेरून झिजतो. तिथे तुळयांचे आधार खाली आणणारे ड्रॉप ब्रॅकेट लागतात.

बार सैल करताना चाकं लोंबकळती ठेवा, म्हणजे बोल्टवरचा ताण उतरतो. आधी दोन्ही बोल्टचे बाहेर दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा. बार पूर्ण काढलेच तर डावा-उजवा अदलाबदल करू नका. चाकं लोंबकळत असतानाच ब्रेकचा होज ताणला जातोय का, दोन्हीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा. आणि हेडलाइट खाली करा, नाक वर गेलं की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जातो.

मी व्यावसायिक मेकॅनिक नाही आणि तुमची गाडी पाहिलेली नाही. अलाइनमेंटचा कागद मिळाला की दोन्ही चाकांचे तिन्ही आकडे आणि मागच्या ब्लॉकची जाडी लिहा, मग शिम्सने भागेल की बार सैल करावे लागतील ते सांगता येईल.