‘मँडरले’ हा सिनेमा वर्णद्वेषी आहे की वर्णद्वेषाविरुद्ध? आणि त्यावर लोकांची मतं इतकी टोकाची का?

वर्णद्वेषी नाहीये. पण वर्णद्वेषी माणसाला तो भयंकर आवडू शकतो, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. (पुढे शेवट फोडलाय, बघायचा असेल तर आत्ताच थांबा.)

मी पुण्यात एका प्रायोगिक नाटकांच्या ग्रुपमध्ये लाइट्स करायचो. दिग्दर्शकांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणायचो, आणि रविवारी त्यांच्या घरी सिनेमे बघायचो. मँडरलेची डीव्हीडी मीच पैदा केलेली, कारण दिग्दर्शक लार्स फॉन त्रिएचाच आधीचा सिनेमा डॉगव्हिल बघून डोकं फिरलं होतं, जमिनीवर रेघा मारलेलं गाव, दार नाही पण दार लागल्याचा आवाज येतो! मँडरले त्याचाच पुढचा भाग, २००५ चा, फक्त इथे जमीन पांढरी आणि अक्षरं काळी. १९३३ साल, अलाबामा. गुंडाची मुलगी ग्रेस एका कापसाच्या मळ्यावर पोचते तर तिथे गुलामी अजून चालूच, कायद्याने बंद होऊन सत्तरेक वर्षं झाली तरी. म्हातारी मालकीण मरते आणि ग्रेस बापाचे बंदूकवाले ठेवून घेऊन लोकांना लोकशाही शिकवायला बसते. मग व्हायचं तेच होतं. ती झोपड्या दुरुस्त करायला झाडं तोडायला लावते आणि नंतर धुळीचं वादळ येतं तेव्हा कळतं की तीच झाडं वारा अडवत होती. घड्याळात किती वाजले ते मतदानाने ठरतं. मालकिणीच्या वहीत गुलामांचे सात प्रकार लिहिलेत, नंबर टाकून, आणि जो टिमथी ग्रेसला एक नंबरचा, म्हणजे मानी माणूस वाटत असतो, तो निघतो सात नंबरचा, समोरच्याला जे हवं ते होऊन दाखवणारा. आणि शेवटी कळतं की ती वही मालकिणीने लिहिलेलीच नाही. सगळ्यात म्हातारा गुलाम विल्हेल्म (नट डॅनी ग्लोव्हर), त्याने लिहिलीये.

सिनेमा संपला, सरांनी ट्यूब लावली, भडंगाची परात पुढे ओढली आणि म्हणाले, बघा, बेडी त्यांची त्यांनीच घडवली, माणसाला स्वातंत्र्य पेलत नाही. इथपर्यंत ठीक होतं, पण पुढे म्हणाले, आपल्याकडे तरी काय वेगळं झालं, महारवतन सोडायला हेच लोक तयार नव्हते की. खोलीत ‘त्या लोकां’पैकी मी एकटा होतो, हे सरांना चांगलं माहीत होतं.

आता वतनाचं माझ्या घरात काय झालं ते सांगतो. आमच्या पणज्याकडे वतन होतं. मेलेलं ढोर ओढा, मयताची खबर घेऊन परगावी चालत जा, साहेबाचं सामान वाहा, रात्र नाही दिवस नाही, आणि बदल्यात बलुतं आणि जमिनीचा एक तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं, गुलामीच म्हणायचे ते त्याला. आणि हो, आमच्याच भावकीतले काही लोक वतन सोडायला कचरत होते, हे खरंय. का? कारण तो तुकडा गेला की गावात उभं राहायला जागा नाही, आणि तो पाटील सोडल्यावर पोटाला देणारा दुसरा पाटील आणायचा कुठून! वतन आवडत होतं म्हणून नव्हे. कायदा शेवटी १९५८ चा, आणि तेव्हाही जमीन परत नावावर करायला सरकारात पैसे भरायचे होते. आमच्या आजोबांनी भरले, चुलत आजोबांना नाही जमलं.

अमेरिकेत वेगळं काही झालं नाही. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन सुटलेल्या गुलामांना ४० एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने ती बहुतेक जुन्या मालकांना परत दिली. मग वाटेकरी म्हणून त्याच मालकाच्या शेतात, त्याच्याच दुकानाची उधारी. आणि सिनेमातल्या काळाच्या दोनच वर्षं आधी, १९३१ मध्ये, याच अलाबामात नऊ काळ्या पोरांना बलात्काराच्या खोट्या आरोपात अडकवलं होतं, स्कॉट्सबरो खटला. विल्हेल्म ग्रेसला हेच सांगतो, की बाहेरचा देश आम्हाला बरोबरीने घ्यायला तेव्हाही तयार नव्हता, आजही नाही. सरांनी हा संवाद बहुतेक भडंग खाताना ऐकला.

मतं टोकाची का, याचं माझं उत्तर स्टेजमध्ये आहे. लोक म्हणतात नाटकच शूट केलंय. तसं नाहीये, नाटकात प्रेक्षक कुठे बघायचं ते स्वतः ठरवतो, इथे हातातला कॅमेरा तोंडापाशी घुसतो. पण रेघांच्या पलीकडे काहीच नाही, नुसती पोकळी. म्हणजे विल्हेल्म ज्या बाहेरच्या जगाला घाबरतो ते तुम्हाला कधी दिसतच नाही. ज्याला ते जग आधीपासून माहीत आहे तो हादरतो, ज्याला माहीत नाही त्याला वाटतं म्हातारा भित्रा आहे. त्या जगाचे खरे फोटो येतात ते थेट शेवटच्या नावांबरोबर, गायक डेव्हिड बोवीच्या गाण्यावर, तोपर्यंत अर्धे लोक चपला शोधत असतात.

आता दुसरी बाजू. लार्स फॉन त्रिए अमेरिकेत कधी पाऊल न ठेवता हे सगळं सांगतो, आणि डाव त्यानेच आधीपासून आपल्याला हवा तसा लावून ठेवलाय, गुलामांपैकी बहुतेकांना स्वतःचा असा स्वभावच दिलेला नाही. टिमथी-ग्रेसचा बेडरूमचा प्रसंग मला तरी निव्वळ खळबळीसाठी घातलेला वाटला. डॅनी ग्लोव्हरनेसुद्धा भूमिका आधी नाकारली होती. त्यामुळे एखाद्या काळ्या अमेरिकन माणसाला राग आला तर त्याला सिनेमा कळला नाही असं म्हणायची माझी छाती नाही.

डॉगव्हिल आधी बघायलाच हवा असं नाही, ग्रेसचं काम करणारी नटीसुद्धा बदललीये. बघाल तर ग्रुपने बघा, पण बघून झाल्यावर जो पहिला म्हणेल की ‘त्यांनाच गुलामी हवी होती’, त्याला विचारा की १८६५ नंतर जमीन कोणाकडे राहिली. सरांना मी तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले, तू विषय भलतीकडे नेतोयस, आणि पुढच्या नाटकाचे लाइट्स दुसऱ्या कोणालातरी दिले.