साठ टक्के, पण कशाचे?

प्रश्न : नमस्कार ताई, मी आणि माझा मित्र मिळून एक पझल गेम बनवतोय, अर्ध्याहून जास्त झालाय. डेमो बघून एका पब्लिशरची ऑफर आलीये, 50,000 डॉलर ॲडव्हान्स आणि नंतर नेट रेव्हेन्यूचे 60 टक्के आम्हाला, 40 त्यांना. मित्र म्हणतो सही करून मोकळे होऊ, मला वाटतं 70 तरी मागावेत. किती ताणून धरायचं?

उत्तर : ताणा की, पण 70 साठी नको. आधी कशाचे साठ ते विचारा. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम विकला गेला की 30 टक्के स्टीमच कापून घेतं (विक्री 1 कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या कमाईवर 25, पण ते नंतर बघू), रिफंड जातात, टॅक्स जातो, मग उरलं त्याला नेट म्हणायचं आणि त्यातून पब्लिशर आपला ॲडव्हान्स वसूल करणार. याला रिकूप म्हणतात, आणि सगळी गोम इथेच आहे.

समजा नेट 1,00,000 डॉलर आलं. पब्लिशरने आधी आपले 50,000 काढून घेतले आणि उरलेल्याची वाटणी केली तर तुम्हाला 30,000 मिळतात. पण वाटणी आधी आणि वसुली फक्त तुमच्या वाट्यातून, असं लिहिलेलं असेल तर तुमच्या 60,000 मधून 50,000 गेले, हातात राहिले 10,000, आणि पब्लिशरकडे 90,000. ऑफर तीच, साठ टक्केही तेच! आता या दुसऱ्या पद्धतीत भांडून 70 मिळवले तरी तुमच्या हातात 20,000च येतात, म्हणजे पहिल्या पद्धतीतल्या साठपेक्षा कमीच.

त्यात रिकूपमध्ये फक्त ॲडव्हान्स आहे की मार्केटिंग, पोर्टिंग (गेम दुसऱ्या मशीनवर चालवणं), लोकलायझेशन (दुसऱ्या भाषांत आणणं), टेस्टिंग पण घातलंय ते बघा. घातलं असेल तर वरची मर्यादा आकड्यात लिहून घ्या, आणि त्यापुढचा खर्च तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. मर्यादा नसेल तर तुमचा वाटा कधी सुरू होणार हे त्यांच्या बिलांवर ठरणार, म्हणून हिशोब तपासायचा हक्क पण हवाच.

गेमचा आयपी, म्हणजे मालकी हक्क, तुमच्याकडेच ठेवा, त्यांना ठरावीक वर्षांचं लायसन्स द्या. त्यांनी गेम रिलीजच केला नाही किंवा कंपनी बंद पडली तर हक्क परत, आणि स्टीमचं पेज त्यांच्या अकाउंटवर असेल तर तेही तुमच्याकडे ट्रान्सफर करायचं, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. नाहीतर विशलिस्ट (नंतर घेऊ म्हणून लोकांनी गेम नोंदवून ठेवलेला असतो ती यादी) आणि रिव्ह्यू तिकडेच अडकून बसतात. सिक्वेलची पहिली ऑफर त्यांना दाखवू म्हणावं, पण बांधून घेऊ नका.

नुसता गेम स्टीमवर टाकायला पब्लिशर लागत नाही हे लक्षात असू द्या, 100 डॉलर फी आहे आणि 1,000 डॉलरची कमाई झाली की तीही परत मिळते. म्हणजे पैसे सोडून ते अजून काय करणार हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुलनेला रॉ फ्युरी या पब्लिशरने 2021 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं काँट्रॅक्ट वाचा, मग वकिलाला दाखवा. आणि याच पब्लिशरकडे आधी गेम दिलेल्या दोघातिघांशी बोला, पब्लिशरने स्वतः ज्यांची नावं दिलीत त्यांच्याशी नाही, ज्यांचा गेम चालला नाही त्यांच्याशी.