क्लेम आला म्हणून गाणं उतरवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमचं जुनं दुखणं पुन्हा ठणकलं. तुमचा चौघांचा बँड, पुण्यात कर्वेनगरच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केलेलं मराठी अल्टरनेटिव्ह गाणं, कुणाच्या तरी रीलवर ते अचानक चालायला लागलं आणि ऐन भरात कुणा तिसऱ्याचाच कॉपीराइट क्लेम, म्हणजे 'यातला आवाज माझा आहे' असा दावा, येऊन बसला. डिस्ट्रिब्युटर (आपलं गाणं यूट्यूब-स्पॉटिफायवर पोचवणारी कंपनी) म्हणतो, समोरच्या पार्टीशी तुम्हीच बोलून घ्या. आणि तुमचा प्रश्न असा की सरळ गाणं उतरवावं, सुरुवातीचा हार्मोनियमचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) बदलावा आणि नव्यानं टाकावं का.

नका हो. निदान घाईघाईनं तरी नका.

आधीच सांगतो, मी वकील नाही. खाली लिहितोय ते आमच्या बँडनं भोगलेलं आणि नंतर चिडून वाचून काढलेलं आहे. मिक्स, मास्टर, कव्हर आर्ट यावर काही बोलत नाही, तुम्हाला ते कळतंच. गाणं ऐकलं, बेसचा टोन झकास आहे.

उतरवू नका म्हणतो त्याचं कारण साधं आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड असतो. स्ट्रीम्सचा आकडा त्या कोडला चिकटलेला असतो. तेच रेकॉर्डिंग, तोच कोड, तीच माहिती देऊन डिस्ट्रिब्युटर बदललात तर आकडा बहुतेक वेळा टिकतो. पण लूप बदललात की ते नवीन रेकॉर्डिंग झालं, त्याला नवा कोड, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. शिवाय लोकांनी तुमचा आवाज लावून ज्या रील्स केल्या त्या जुन्या ऑडिओवर आहेत. ऑडिओ गेला की रील्स मुक्या. ज्या गोष्टीनं गाणं वर आणलं तीच आपण आपल्या हातानं कापायची, हा कुठला शहाणपणा?

गाणं कुठून कधी पेटेल याचा भरवसा नसतो. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं 'क्रीप' सप्टेंबर १९९२मध्ये आलं तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला फारसं कुणी विचारलं नाही. ते आधी चाललं इस्राएलच्या रेडिओवर, मग अमेरिकेत, आणि १९९३मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा बाजारात आणल्यावर सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. तुमचं तर आत्ता, घरबसल्या पेटलंय, आणि तुम्ही पाणी घेऊन निघालात.

आता आमची कथा. आमचाही लूप तयार आवाजांच्या विकतच्या पॅकमधला होता, तंबोऱ्यासारखा सतत वाजणारा एक सूर, ज्याला ड्रोन म्हणतात. पैसे भरले होते, पावती होती, लायसन्सची पीडीएफ होती. त्याच पॅकमधला तोच ड्रोन दुसऱ्या कुणीतरी आपल्या गाण्यात वापरला आणि गाणं अपलोड करताना यूट्यूबच्या कंटेंट आयडीच्या, म्हणजे आवाज ओळखून आपोआप क्लेम टाकणाऱ्या यंत्रणेच्या, चौकोनावर टिक केली. झालं. त्यानंतर तो ड्रोन जिथे वाजेल तिथे मशीन म्हणणार, हे अमक्याचं आहे. माणूस कुणी बघतच नाही.

इथपर्यंतही ठीक होतं. क्लेम हा काही गुन्हा नाही, तो सुटतो. आम्हाला बुडवलं ते आमच्या डिस्ट्रिब्युटरनं. नाव घेत नाही. क्लेम फक्त यूट्यूबवर होता, पण या महाभागांनी 'वाद मिटेपर्यंत' गाणं सगळीकडून खाली घेतलं. स्पॉटिफायवरून, जिओसावनवरून, इन्स्टाग्रामच्या म्युझिक लायब्ररीतून, म्हणजे जिथे कुणाची काही तक्रारच नव्हती तिथूनही. फोन नंबर नाही, ऑफिसचा पत्ता नाही, फक्त तिकीट. तिकिटाला उत्तर येणार, 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो, कृपया लायसन्स पाठवा.' पाठवलं. तिकीट क्लोज. नवं उघडलं, नवीन माणूस, 'कृपया लायसन्स पाठवा.' सरकारी कचेरीत निदान 'साहेब जेवायला गेलेत' असं तोंडावर सांगणारा शिपाई तरी असतो. आमचा गिटारिस्ट दिवसभर आयटीत हीच तिकिटं सोडवतो. तो म्हणाला, यांच्याकडे क्लोज केलेल्या तिकिटांवर पगारवाढ मिळत असणार. गाणं परत वर आलं तोपर्यंत गणपती येऊन गेले होते, रील कुणाच्या लक्षातही नव्हती. पैशाचं जाऊ दे, तसेही ते वडापावपुरतेच असतात. पण गरम तव्याची ती वेळ परत येत नाही.

म्हणून तुम्ही आधी हे बघा की क्लेम नेमका कुठे आहे. तुमच्या स्वतःच्या चॅनलवरच्या व्हिडिओवर असेल तर डिस्ट्रिब्युटरची मनधरणी करायची गरजच नाही. यूट्यूब स्टुडिओत जाऊन डिस्प्यूट (क्लेमवरची हरकत) तुम्ही स्वतः टाकू शकता. कारण विचारतील तिथे लायसन्स निवडा. मजकूर रडका नको, धमकीचा तर अजिबात नको. पॅकचं नाव, खरेदीची तारीख, ऑर्डर नंबर, आणि एक वाक्य ठळक लिहा: हा लूप अनेकांना वापरायला दिलेला आहे, त्यावर एकट्याचा हक्क कुणाचाच नाही, त्यामुळे तो कंटेंट आयडीत रेफरन्स (जुळवून बघायचा नमुना) म्हणून चालत नाही. हा यूट्यूबचाच नियम आहे, आपल्या मनातलं नाही. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, नाही दिलं तर क्लेम आपोआप सुटतो. क्लेम आल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट टाकलात तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते, म्हणून आज रात्रीच टाका. समोरच्यानं नाकारलं तर अपील करता येतं, पण त्यात मात्र जपून. अपिलानंतर तो थेट व्हिडिओ उतरवायची नोटीस देऊ शकतो आणि ती लागली की चॅनलवर स्ट्राइक (नियमभंगाची नोंद) येतो. लायसन्स हातात नसेल, पॅक कुणा मित्राच्या पेन ड्राइव्हमधून आला असेल, तर अपिलाच्या वाटेला जाऊ नका. (तुमचा तसा असेल असं म्हणत नाही. पण पुण्यातल्या अर्ध्या बेडरूम स्टुडिओंचं वास्तव मला माहीत आहे.)

क्लेम डिस्ट्रिब्युटरनं टाकलेल्या, 'टॉपिक' लिहिलेल्या चॅनलवर असेल तर मात्र त्यांच्याशीच झगडावं लागेल. पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट लिहा की वाद फक्त यूट्यूबपुरता आहे आणि बाकी कुठूनही गाणं उतरवायला आमची संमती नाही. ऐकतील याची खात्री नाही, पण पुढे भांडायला कागद राहतो.

परवानगीच्या बाबतीत 'आहे ना आपल्याकडे' एवढ्यावर थांबू नका, ती नेमकी कशाची आहे ते वाचा. द व्हर्व्ह या बँडच्या 'बिटर स्वीट सिम्फनी'चं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९९७चं गाणं, सॅम्पलची (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्याची) परवानगी घेतलेली, तरी वाद झाला आणि गाण्याच्या लेखनाची रॉयल्टी रोलिंग स्टोन्सच्या जॅगर-रिचर्ड्स यांच्याकडे गेली. व्हर्व्हच्या ॲशक्रॉफ्टला ती परत मिळाली २०१९मध्ये. आपल्याकडे एवढा दम कुणाकडे आहे?

आता माझं एक मत, पटलं तर घ्या. गाण्याचा जो तुकडा लोकांच्या डोक्यात बसणार आहे तो विकतचा नसावा. मागे पॅड वाजू दे, शेकर वाजू दे, पण ओळख आपली हवी. 'क्रीप'मध्ये कोरसच्या आधी गिटारचा तो खरखरीत दणका आहे ना, तो त्यांच्या गिटारिस्टनं, जॉनी ग्रीनवुडनं, गाणं आवडेना म्हणून मुद्दाम खराब करायला मारला असं सांगतात, आणि लोकांना आठवतो तोच. आमच्या त्याच गाण्यात दुसऱ्या कडव्यापाशी एक ढोल ऐकू येतो. तो आम्ही वाजवलेला नाही. म्हात्रे पुलाजवळच्या खोलीत व्होकल घेत होतो, पंखा बंद, खिडकीला गादी लावलेली, तरी नदीपात्रात सराव करणाऱ्या पथकाचा ठेका माइकमध्ये शिरलाच. टेम्पोही जुळत नाही, अर्ध्या मात्रेनं मागे पडतो आणि शेवटच्या ओळीला कसाबसा गाठतो. मिक्स करणारा म्हणाला काढूया, गायिका म्हणाली हात लावायचा नाही. कमेंटमध्ये लोक ड्रोनबद्दल एक शब्द बोलले नाहीत, सगळ्यांनी विचारलं तो ढोल कुठला. त्याच्यावर क्लेम टाकून दाखवा म्हणावं.

तेव्हा तुमच्या पुढच्या गाण्याला घरातली हार्मोनियम घ्या. आजीची असेल, एक स्वर उतरलेला असेल, भात्यातून फुसफुस येत असेल, तर फारच उत्तम. आणि कंटेंट आयडीच्या त्या चौकोनावर, गाण्यात एकही विकतचा लूप असेल, तर तुम्ही टिक करू नका. नाहीतर उद्या नागपूरचा कुणी बिचारा तुमच्यामुळे अशीच पोस्ट लिहील.

राहता राहिलं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलेलं: बेसिस्ट सोडून चाललाय, गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव ठेवायचं का. चाल बसवण्यात त्याचा हात असेल तर ठेवायचं, विषय संपला. कोणी शब्द लिहिले, कोणी चाल केली, टक्केवारी काय, हे एका पानावर लिहून चौघांच्या सह्या घ्या, तो पुण्यात आहे तोवर. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासद व्हावं, कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीचा हक्क सहज लिहून घेता येत नाही. कॉपीराइट ऑफिसात नोंदणी सक्तीची नाही, पण करायचीच असेल तर शब्द आणि चालीला प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २००० लागतात. आम्ही फक्त चालीची केली. पैसे वाचवून नवीन तारा घेतल्या.

डिस्प्यूटचा मजकूर लिहिलात की इथे टाका, पाठवण्याआधी नजर टाकतो. ऑर्डर नंबर तेवढा झाका.