टीव्हीला मुंग्या येतात म्हणजे काय?

मालवणच्या पाचवीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे : "आजी म्हणते, पूर्वी पावसात टीव्हीला मुंग्या यायच्या. टीव्हीवर काही गोड सांडायचं का?"

सांडायचं काही नाही. त्या मुंग्या काचेच्या आत दिसायच्या. काळे-पांढरे ठिपके, नुसती वळवळ, आणि जोडीला खरखर. पण तू आजीच्या वाक्यातला 'ला' बघ. नुसतं वारूळ फुटल्यासारखं दिसतं म्हणून म्हणायचं, तर 'टीव्हीवर मुंग्या' पुरलं असतं. काही जण तसं म्हणतातही. आमच्या वाडीत मात्र 'टीव्हीला मुंग्या आल्या' असंच. भजनात मांडी घालून बसलं की पायाला येतात तशा. तेव्हा पाय असतो जागेवरच, पण त्याची खबर मेंदूकडे धड पोचत नाही. टीव्हीचंही तेच व्हायचं. शब्द दिसण्यावरून सुचला असेल, पण रुळला तो या वाक्प्रचाराच्या जोरावर, असं मला वाटतं.

जुन्या टीव्हीच्या पोटात, पडद्यामागे, इलेक्ट्रॉनचा एक झोत असे. तो काचेच्या आतल्या लेपावर डावीकडून उजवीकडे ओळी ओढायचा, जोत धरल्यासारखा तासामागून तास. (तास म्हणजे इथे घड्याळाचा नव्हे, नांगराची ओळ.) आपल्याकडे 625 ओळींचं एक चित्र, आणि सेकंदाला अशी 25 चित्रं. ही ओळींची कल्पना अमेरिकेतल्या फायलो फार्न्सवर्थला चौदाव्या वर्षी नांगरलेलं शेत बघून सुचली, असं सांगतात. 1927 साली त्याने ती खरी करून दाखवली.

कुठला ठिपका उजळ, कुठला काळा, हे झोताला अँटेनाने पकडलेल्या संदेशावरून कळायचं. संदेश धाडणारा मनोरा आणि आपण यांच्यामध्ये डोंगर, म्हणून अँटेना उंच बांबूवर. आजी पावसाला बोल लावते, पण खरा खोडकर वारा. तो अँटेनाचं तोंड फिरवायचा. मग एक जण कौलांवर, एक टीव्हीपुढे : "इला काय रे?" "नाय! वायच आणखी फिरव!"

संदेश येईनासा झाला तरी झोत थांबत नसे. मग विजेची चमक, मोटरसायकलची ठिणगी, यंत्राची स्वतःची कुरकुर, हाती लागेल ते तो रंगवत सुटायचा. त्यातली साधारण शंभरातली एक मुंगी तर विश्वाच्या सुरुवातीपासून, म्हणजे सुमारे 1380 कोटी वर्षांपासून, वाटेत असलेल्या लहरींची!

आता संदेश आकड्यांत येतो. तो कमी पडला की चित्राचे चौकोन होतात, नाहीतर पडदा निळा पडतो. त्याला मुंग्या म्हणू नये. माझा भाचा 'चित्र फाटलं' म्हणतो, ते मला पटतं.