फळ्यावर खडूने लिहिलंय ते मागवा

मार्च उजाडला की माझ्या टपालात एकदम भर पडते. इथला अंधार सरत येतो, भारतातून आईवडील, सासू-सासरे यायचे बेत ठरू लागतात आणि ‘त्यांना काय खायला घालू, कुठे नेऊ’ ही पत्रं सुरू होतात. उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या वेकफील्डजवळ राहून मला अठ्ठावीस वर्षं झाली. इंग्लंडचं जेवण बेचव असतं हे वाक्य मी पहिल्या वर्षी दहा वेळा ऐकलं, दोनदा स्वतःही म्हणाले. आज मला ते पटत नाही. इथे चव ऋतूला बांधलेली आहे, आणि एकेक ऋतू जेमतेम सहा-आठ आठवड्यांचा. तो चुकला की मग खरंच बेचव खावं लागतं.

ताई, मे महिन्यात सासू-सासरे येताहेत. दोघं पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यांना एखाद्या खेड्यातल्या जुन्या पबमध्ये जेवायला न्यावं अशी माझ्या नवऱ्याची फार इच्छा आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “मी गुत्त्यात पाय ठेवणार नाही.” काय करू? — एक वाचक, लेस्टर

सासूबाईंना आग्रह करू नका, आधी नीट सांगा. गुत्ता म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते इथल्या खेड्यातल्या पबला लागू नाही. नातवंडं, आजी-आजोबा, चिखलाचे बूट घातलेली फिरायला निघालेली माणसं, टेबलाखाली झोपलेला कुत्रा, असं सगळं तिथे एकत्र असतं.

माझी आई आली होती तेव्हा ऑक्टोबर होता. यॉर्कशायर डेल्समधल्या एका पबमध्ये आम्ही तिला नेलं. ठेंगणं दार, दगडी भिंती, शेगडीत लाकूड जळत होतं. आई साडीवर स्वेटर, पायात मोजे अशी त्या शेगडीजवळ अंग चोरून बसली. काय घेणार विचारल्यावर मला हळूच म्हणाली, “नुसतं गरम पाणी मिळतं का बघ.” बारमागच्या बाईंनी चहाच्या किटलीत गरम पाणी, शेजारी बशीत लिंबाची चकती असं आणून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाला आपल्या ताटातले चिप्स मोजून देत होती. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आपल्या गावच्या पारासारखंच आहे की हे.” सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल.

आता जेवणाचं. मे महिना तुमच्या बाजूचा आहे. इंग्लंडात शतावरीच्या जातीतले ते हिरवे कोंब, म्हणजे अस्पॅरागस, परंपरेनं 23 एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी सुरू होतात आणि 21 जूनच्या सुमारास संपतात. त्यातही ईव्हशमच्या खोऱ्यातले नावाजलेले. नुसतं लोणी आणि मीठ लावून मागवा, वर अंडं नको म्हणून सांगा. याच दिवसांत जर्सी बेटावरचे छोटे नवे बटाटे येतात, पातळ सालीचे. साल काढायची नसते. उकडून लोणी आणि पुदिना लावलेले ते बटाटे सासऱ्यांना नक्की आवडतील. छापील मेन्यू नंतर बघा, आधी फळा बघा. खडूने लिहिलेलं त्या दिवशीचं असतं. चाळीस पदार्थांचा रंगीत मेन्यू दिसला की मी ओळखते, यातलं निम्मं फ्रीझरमधून येणार.

शाकाहाराबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून विचारावं लागतं. ‘व्ही’ म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं असू शकतं, तेव्हा ते विचारूनच मागवा, आणि शेजारी जे येतं त्याचीही चौकशी करा. विशेषतः उत्तरेत चिप्स पुष्कळ ठिकाणी ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळतात. भाजलेले बटाटे बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत असू शकतात. ‘सूएट’ हा शब्द दिसला की तीही चरबीच, भाजीचं सूएट असेल तर तसं लिहितात. यॉर्कशायर पुडिंगमध्ये, म्हणजे रोस्टबरोबर वाढतात त्या मैद्या-दुधाच्या फुगीर, खाऱ्या वाटीत, अंडं असतंच. काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं. आणि सासरे घोटभर बिअर घेणार असतील तर त्यांनाही माहीत असू द्या की पिंपातली पारंपरिक बिअर नितळ करायला पुष्कळदा माशाच्या पोटातला पदार्थ वापरतात. विचारायला लाजू नका. 14 ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं इथे कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात जाऊन विचारून येणं हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

टेबलाचा नंबर लक्षात ठेवा, बारवर जाऊन ऑर्डर द्या, पैसे बहुधा तिथेच आधी द्यायचे. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. हाक मारायची नाही, नोट हलवायची नाही. नजरानजर झाली की पुरे.

गेल्या महिन्यात दीड तास गाडी चालवून एका प्रसिद्ध गावी गेलो. दुपारचे सव्वातीन झाले होते. पब उघडा, पण जेवण नाही म्हणाले! मुलं रडकुंडीला आली. हा काय प्रकार? — मिल्टन कीन्स

पब उघडा असणं आणि स्वयंपाकघर चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेड्यात साधारण बारा ते अडीच आणि सहा ते नऊ, असा धरून चाला. रविवारी दुपारचं रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, चारच्या आसपास संपतं आणि रात्री पुष्कळदा चूल बंदच. सोमवारी कित्येक ठिकाणी कुलूप असतं. फोन करून जा, रविवारसाठी तर आठवडाभर आधी टेबल सांगून ठेवा. मुलांसाठी गाडीत चिवड्याचा डबा असू द्या.

दुकानात गुलाबी दांडे दिसतात, रुबार्ब लिहिलेलं असतं. कस्टर्डबरोबर गोड करून पाहिलं, घरात कुणी खाल्लं नाही. आपल्या पद्धतीनं काही होतं का? — रेडिंग

होतं, आणि घाई करा, कारण तो कोवळा गुलाबी रुबार्ब आता संपत आला.

हा आमच्या दाराशी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्या मधल्या पट्ट्याला रुबार्बचा त्रिकोण म्हणतात. रोपाची मुळं दोन वर्षं उघड्या शेतात वाढू देतात, त्यांचे दांडे काढत नाहीत. त्या काळात मुळांत साठा होतो. मग कडाक्याची थंडी अंगावरून गेली की ती उपटून लांबलचक अंधाऱ्या शेडमध्ये आणतात आणि ऊब देतात. उजेड नाही म्हणून पानांना काम नाही, मुळांतल्या साठ्याची साखर होते आणि कोंब वर धावतो. मी दर फेब्रुवारीत एकदा तरी शेडमध्ये जाते. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, ओल्या मातीचा वास येतो. मग रोपांमध्ये रोवलेल्या मेणबत्त्या दिसू लागतात, आणि त्या उजेडात हजारो गुलाबी दांडे, टोकाला मुडपलेली पिवळी पानं. गप्प उभं राहिलं तर कळी फुटल्याचा टचकन आवाज ऐकू येतो. काढणी मेणबत्तीच्याच उजेडात, कारण जास्त प्रकाश पडला की दांडा राठ होतो. चाकू लावत नाहीत, बुंध्याशी पिळून ओढतात. 2010 मध्ये या रुबार्बला युरोपात नावाचं संरक्षण मिळालं.

कस्टर्डबरोबर आवडला नाही कारण आपल्या जिभेला त्या आंबटाला तिखटाची जोड लागते. मेथांबा करा. चारशे ग्रॅम रुबार्बचे इंचभर तुकडे. दोन चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे लाल होईपर्यंत, हिंग, हळद, तिखट. तुकडे टाका, मीठ आणि दीडशे ग्रॅम चिरलेला गूळ घाला. पाणी घालू नका, त्याला स्वतःचं पुष्कळ सुटतं. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं, ढवळायचं फार तर दोनदा, नाहीतर त्याचे धागे होतात. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. पोळीबरोबर खा.

पानं टाकून द्या, ती विषारी असतात. घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल तर दांडेही बेतानं, त्यांच्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

आमच्या घरामागच्या रानात लसणाचा वास येतो. पानं खाण्याजोगी असतात का? — केंट

असतात. रानलसूण मार्च ते मे. पण तिथेच विषारी लिली ऑफ द व्हॅलीची तशीच दिसणारी पानं उगवतात, आणि एकदा हाताला लसणाचा वास लागला की पुढच्या प्रत्येक पानाला तोच येतो. म्हणून मूठभर ओरबाडू नका, एकेक पान बघून खुडा. शंका आली तर सोडून द्या. मुळासकट उपटणं जमीनमालकाच्या परवानगीशिवाय बेकायदा आहे. बारीक चिरून पिठल्यात शेवटच्या मिनिटाला घाला.

यॉर्कशायर पुडिंग फुगत नाही. चार वेळा केलं, चारही वेळा ओव्हनमधून काढल्यावर बसकण मारली. मुलाच्या मित्राला रविवारी जेवायला बोलावलंय. — लंडन

मला हे शेजारच्या आजींनी शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं असेल, तर माझ्या हातातलं तेलाचं भांडं परत ओव्हनमध्ये ठेवायला लावलं. “अजून धूर नाही,” म्हणाल्या. नव्वद टक्के कारण तेच आहे. कोमट तेलात पुरी सोडली तर फुगते का? तसंच हे.

चार अंडी, 140 ग्रॅम साधा मैदा, 200 मिलिलिटर दूध, मीठ. सेल्फ-रेझिंग पीठ घेऊ नका, फुगवायचं काम वाफ करते, सोडा नाही. गुठळ्या मोडून अर्धा तास झाकून ठेवा. बारा खळग्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येकी चमचाभर सूर्यफुलाचं तेल, ऑलिव्ह नको. ओव्हन 230 अंशांवर, पंख्याचा असेल तर 210. तेल धुरावेपर्यंत तापू द्या, मग भरभर मिश्रण ओता. चर्र आवाज आलाच पाहिजे. वीस ते पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, काचेतून बघा. सोनेरी झाल्यावर बाहेर काढायची घाई होते तिथेच तुमची बसत असावीत. कडा चांगल्या तपकिरी, कडक होऊ द्या. 2008 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा बुटकं असेल ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. घरच्या पुडिंगला इतकं कडक मोजमाप लावू नका.

मांसाबरोबरच वाढायला हवं असं नाही. आमच्याकडे जुनी माणसं ते आधी, एकटं, ग्रेव्हीत बुडवून खातात. पोट थोडं भरलं की महागडं मांस कमी लागायचं, त्या दिवसांतली रीत. मी कांदे चाळीस मिनिटं मंद आचेवर काळपट होईपर्यंत परतून त्यांचीच ग्रेव्ही करते.

चैत्रागौरीचं हळदीकुंकू आहे. इथली कैरी महाग, आणि आतून पिकायला लागलेली निघते. पन्हं आणि आंब्याची डाळ कशाची करू? — वॉरिक

ब्रॅमली सफरचंदाची. मी सोळा वर्षं त्याचीच करते आहे आणि आता मुद्दाम करते, नाइलाज म्हणून नाही.

ब्रॅमली नुसतं खायचं सफरचंद नाही, कमालीचं आंबट, रांधण्यासाठीचं. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी 1809 मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं बिया पेरल्या, त्यातून हे झाड आलं. नाव मात्र लागलं पुढे ते घर विकत घेणाऱ्या खाटकाचं, मॅथ्यू ब्रॅमलीचं. मला दर वेळी फळ हातात घेताना त्या मुलीची आठवण होते. काढणी शरद ऋतूत होते, पण साठवणीतली फळं वर्षभर मिळतात, म्हणून चैत्रातही अडत नाही.

पन्ह्यासाठी दोन मोठी ब्रॅमली घ्या, मधला गाभा काढा, कमरेभोवती सुरीनं एक रेघ ओढा आणि 180 अंशांवर चाळीस मिनिटं भाजा. साल फाटून आतला गर ढगासारखा फुलून वर येतो. उकडलेल्या कैरीला असा गर येत नाही, चाळणीसुद्धा लागत नाही. गराइतकाच गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, केशर. गार पाण्यात चव बघत कालवा.

डाळीसाठी कच्चं ब्रॅमली सालासकट किसा. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, हिरव्या मिरच्या घालून भरड वाटून तयार ठेवा, फोडणीही आधीच करून गार होऊ द्या, आणि फळ अगदी शेवटी किसून त्यावर लगेच लिंबू पिळा. आधी किसलंत तर पाच मिनिटांत काळं पडतं.