इंग्रजीत ‘नाइट’ (रात्र नव्हे, सरदार) लिहिताना सुरुवातीला ‘के’ आणि मध्ये ‘जीएच’ कशाला?

कारण एके काळी ही सगळी अक्षरं खरोखर उच्चारली जायची. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण ‘क्निख्त’ असा होता आणि अर्थ होता पोरगा, चाकर. सरदारकी नंतर आली. त्याचा जर्मन भाऊबंद ‘क्नेख्त’ आजही ‘क’ आणि ‘ख’सकट बोलला जातो आणि त्याचा अर्थही चाकरच राहिला. मला हे फार सुंदर वाटतं: एकाच घरातले दोन शब्द, एक वर चढला, दुसरा तिथेच थांबला.

मग गडबड कुठे झाली? विल्यम कॅक्स्टनने 1476 च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंग पक्कं होत गेलं. उच्चार मात्र थांबले नाहीत. साधारण 1400 ते 1700 या काळात दीर्घ स्वर पार बदलले, ‘हूस’चं ‘हाउस’ झालं. ‘ख’ गळाला, पुढे सुरुवातीचा ‘क’ही गेला. कागदावर जुनंच राहिलं.

आपणही ‘ज्ञान’ लिहितो ज आणि ञ जोडून, म्हणतो ‘द्न्यान’. तसंच हे.

पण प्रत्येक मुकं अक्षर असं जुनं नसतं हं. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवायच आला होता, लॅटिन ‘डेबितुम’शी नातं दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसवला.